तुरीच्या दाण्याएवढं अक्षर

॥ श्री ॥

मुक्काम मुडबी, तालुका बसवकल्याण
आषाढ, बुधवार

चि. अंकुशास थोरल्या अक्काचा, म्हणजे सुशीलाबाईचा, आशीर्वाद.

इकडं सगळं क्षेम हाये असं वर लिहायची रीत हाये, म्हणून लिहून घेतलं. तू काय लगेच खरं धरू नकोस. तुझा गुडघा कसा हाये? इंदिराची शुगर खाली आली का? आणि तुझ्या कानातलं ते यंत्र तू कानात घालतोस का अजून डब्यातच ठेवतोस? मागं मी फोन केला तर तू वीस वेळा हॅलो म्हणलास आणि शेवटी राँग नंबर म्हणून ठेवून दिलास. सख्ख्या बहिणीला! म्हणून हे पत्र. अक्षर माझं न्हाई हे तू ओळखलंच असशील. माझा उजवा हात मुरगळलाय, पेन धरवत न्हाई, म्हणून शेजारची दानम्मा लिहायली. घरात कन्नड बोलणारी, पण सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली, अक्षर गोल गोल आणि ओळ सरळ. फक्त एक खोड हाये, मी तोंडातून काढीन ते सगळंच लिहिती. (दानम्मा, हे लिहू नको. बघ, लिहिलंच!)

आता मूळ दुखण्याकडं येते. तुला ठाऊक हाये, श्रावणात आमच्या गल्लीची पोथी मीच वाचते. तुझे दाजी होते तेव्हापासनं, बत्तीस वर्षं झाली. दुपारची भांडीकुंडी आटपली की पंधरा-वीस बाया माझ्या ओसरीवर येऊन बसतात, अर्ध्या मराठी, अर्ध्या कन्नड, पण ऐकतात सगळ्या. मागच्या श्रावणात काय झालं, अक्षरं एकमेकांत शिरायला लागली. दोनदा चष्मा बदलला, चष्मेवाल्याचं तेवढं भलं झालं. शेवटी दोन अध्याय मी तोंडपाठ म्हणून काढले आणि एक सबंध गाळला. कुणाच्या ध्यानात आलं न्हाई, उलट एकजण म्हणाली, आज लवकर आटपलं, बरं झालं. (दानम्माच्या ध्यानात आलतं, पण ती गप्प बसली. माणसानं असं असावं.) दिवाळीला दोन्ही लेक आले तेव्हा मी म्हणलं, बाबांनो, मला एक मोठा टॅब घेऊन द्या, त्यात पोथी घाला आणि अक्षर तुरीच्या दाण्याएवढं करा. एवढंच. आयुष्यभरात मी लेकरांना मागितलं काय? आणि इथंच माझं चुकलं, अंकुशा. एका लेकाला मागायला पायजे होतं. मी दोघांसमोर मागितलं.

थोरला तानाजी पुण्यात, धाकटा राम हैदराबादला. दोघंबी शिकलेले, दोघंबी कंपनीत, आणि दोघंबी लहानपणापासनं असे की एकानं दिवस म्हणलं की दुसऱ्यानं रात्र म्हणायची. तानाजीनं एक टॅब पसंत केला, काळा, तेरा इंची. त्याच आठवड्यात रामनं दुसरा पसंत केला, राखाडी, बारा इंच आणि वर काहीतरी पॉइंट. मी म्हणलं, कुठलाबी घ्या. दोघं एकदम म्हणाले, असं कसं कुठलाबी? पहिल्यांदा तुलना करावी लागती. मग येळवशीच्या अमावास्येला शेतातल्या पूजेला आले तेव्हा तुलना घेऊन आले. शेतात कडब्याची खोपटासारखी कोप उभी, आत पाच दगडांचे पांडव मांडलेले, भाज्यांची भज्जी निवायली, आंबील आंबट व्हायली, आणि हे दोघं कोपीच्या तोंडाशी लॅपटॉप उघडून बसलेले. त्यात एक तक्ता. डाव्या बाजूला तानाजीचा टॅब, उजव्या बाजूला रामचा. अठ्ठावीस रकाने! बॅटरी किती, वजन किती, स्पीकर चार का आठ, पेन सोबत येतंय का वेगळं घ्यावं लागतंय. एकाची काच म्हणे सेकंदाला एकशे चव्वेचाळीस वेळा ताजी होती. मी म्हणलं, बाबा, मला एक पान संपवायला अर्धा तास लागतो, तिला एवढी घाई कशाची? दुसऱ्याला सहा वर्षं अपडेट मिळणार म्हणे. मी म्हणलं, त्याला मिळतील, मला मिळणार हायेत का सहा वर्षं? दोघं हसले. मी हसायला म्हणून बोलले नव्हते.

मग मी रामला विचारलं, ह्या तक्त्यात अक्षर किती मोठं होतंय ते कुठल्या रकान्यात हाये? तर तो काय म्हणाला ऐक. म्हणाला, आई, ते दोन्हीत सारखंच होतंय, म्हणून तक्त्यात घेतलं न्हाई. अंकुशा, माझ्या हातातला बाजरीचा उंडा हातातच राहिला. जे मी मागितलं तेवढंच तक्त्यात नव्हतं.

त्यानंतर तीन महिने नुसता फोन. एकाचा ठेवला की दुसऱ्याचा, भाकरी थापून हात धुवायला उसंत न्हाई. तानाजीनं मला घरातल्यांच्या ग्रुपमध्ये टॅबांचे व्हिडिओ पाठवायचे, कुणीतरी पोरगा खोक्यातनं टॅब काढायलाय आणि खुळ्यासारखं त्याचं कौतुक करायलाय. रामनं त्याच्याखाली दुसरा व्हिडिओ टाकायचा, त्यात दुसरा पोरगा पहिल्याला नावं ठेवायलाय. मला ते दोन पोरं ओळखीचे झाले, माझे दोन मात्र परके व्हायले. पाडव्याला शेवटी दोघांनी मला गाडीत घालून गुलबर्ग्याला नेलं, प्रत्यक्ष दाखवायला. दुकान मोठं, थंडगार, मला अंगावर पदर घ्यावा लागला. दुकानदारानं दोन्ही टॅब शेजारी शेजारी मांडले आणि लेकांनी विचारलं, आई, कुठला बरा दिसतोय? मी बघितलं. काळ्याच्या मधोमध डाग. राखाडीच्याबी मधोमध डाग. मी पदरानं दोन्ही पुसले. डाग हलेना. दुकानदार म्हणाला, आजी, काच कोरी हाये, आत्ताच खोक्यातनं काढलीय. मी म्हणलं, असंल बाबा. आणि लेकांना म्हणलं, दोन्ही बरे हायेत. झालं! परत येताना गाडीत दोघं माझ्यावर फुगून बसले. तानाजीला वाटलं मी रामचं मन राखायले, रामला वाटलं तानाजीचं. थोरला नेहमीच लाडका, असं एक म्हणाला. धाकट्याचंच सगळं ऐकून घेतेस, असं दुसरा म्हणाला. आणि मी मधल्या खिडकीतनं बाहेर बघत बसले. बाहेर तरी काय, सगळं पांढरं पांढरं.

आणि मग दोघांनी काय करावं? कुणाला न सांगता एकेकानं आपापला घेऊन पाठवून दिला. एकाच आठवड्यात दोन खोकी, मंगळवारी काळा, शुक्रवारी राखाडी. पार्सलवाला म्हणाला, आजी, दुकान काढलंत काय? आता नवी वस्तू घरात आली की हळदीकुंकू लावायचं, ही आपली रीत. काळ्याला लावलं, राखाडीलाबी लावलं, भेदभाव नको. संध्याकाळी रामचा व्हिडिओ कॉल आला. आई, तू लाल दिसायलीस, तो म्हणतो. नुसतीच लाल, बाकी काही न्हाई. मी म्हणलं, उन्हातनं आले. त्यानं कंपनीला फोन केला, तक्रार नोंदवली, त्यांनी दोन दिवस त्याला नाना बटनं दाबायला लावली. तानाजीला हे कळलं, तो तर खूश! ग्रुपमध्ये लिहिलं की मी आधीच सांगितलं होतं, त्याचा कॅमेरा भंगार हाये. रामनं त्याला काहीबाही लिहिलं, तानाजीनं त्याला उलटं लिहिलं, दोन्ही सुना मध्ये पडल्या आणि चौघांचा पंधरा दिवस एकमेकांशी अबोला. शेवटी दानम्मानं टॅब हातात घेऊन बघितला, तर कुंकवाचं बोट मी बरोबर त्या कॅमेऱ्याच्या डोळ्यावर टेकवलेलं. (हसू नको, दानम्मा, लिही.) तिनं पदराच्या टोकानं पुसलं. आम्ही दोघींनी कुणाला सांगितलं न्हाई.

आता रोजचं काय चाललंय ते सांगते. सकाळी तानाजी विचारतो, आई, टॅबला चार्जिंग किती हाये? संध्याकाळी राम विचारतो, आई, टॅबला चार्जिंग किती हाये? आईला किती हाये हे मेल्यांनी आठ महिन्यांत एकदा विचारलं न्हाई. दोघांनाबी सांगते, तुझाच वापरते रे, दुसरा पडून हाये. तानाजीच्या टॅबाला सिम न्हाई, वायफाय पायजे म्हणे. मुडबीत वायफाय मी कुठनं आणू, आडातनं शेंदू का? ह्याला अठ्ठावीस रकान्यांत जागा नव्हती. तो काळा मी डाळीच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवलाय, तेरा इंच बरोबर बसतोय. राखाडीवर तेवढे कॉल येतात. परवा तानाजीनं रामशी बोलणं झाल्यावर स्वतः त्यावरच कॉल केला, म्हणजे बघ, समेट झालाय. मी म्हणलं, तान्या, किती वाळलास रे. तो म्हणाला, आई, माझा कॅमेरा बंद हाये. मी म्हणलं, आवाज वाळलाय म्हणते मी.

आणि पोथी? पोथी कुणीच घातली न्हाई त्यात. पाच मिनिटांचं काम हाये म्हणे, पुढच्या वेळी आलो की करतो म्हणे. दोघंबी हेच म्हणतात. बघ, ह्या एका बाबतीत माझ्या लेकांचं एकमत हाये. मला राग आलाय, अंकुशा, फार राग आलाय. लोकं म्हणतात, सुशीलाबाई, नशीब काढलंस, एक मागितला तर दोन मिळाले. मी हो म्हणते, चहा करते, आणि डाळ काढायला काळा टॅब उचलून बाजूला ठेवते.

बाकी पेरण्या झाल्या, तूर बरी उगवलीय असं सगळे म्हणतात. इंदिराला आणि लेकरांना आशीर्वाद. हे पत्र कुणाला मोठ्यानं वाचून दाखवू नकोस, तुला ऐकू येत न्हाई म्हणून तू फार मोठ्यानं वाचतोस.

तुझी अक्का,
सुशीलाबाई

ता. क. आता ज्याच्यासाठी पत्र लिहायला बसले ते सांगते. तू गाडी घेऊन ये आणि अक्काला चार दिवस माहेराला न्यायलो असं चारचौघांत सांग. उदगीरला डोळ्याचा कुणी चांगला डॉक्टर हाये म्हणलतास, त्याला दाखवू. थोडंसंच कमी दिसतंय, घाबरू नकोस. पण तान्या-रामला कळता कामा नये. कामून म्हणशील, तर लेकरं वाईट न्हाईत. कळलं की धावत येतील. पण आल्यावर तक्ता करतील, अंकुशा. डाव्या बाजूला पुणं, उजव्या बाजूला हैदराबाद. कुणाकडं खोल्या किती, कुणाकडं लिफ्ट, कुणाच्या बायकोला नोकरी, कुणाच्या घरापासनं दवाखाना किती लांब. अठ्ठावीस रकाने. आणि आईला काय पायजे ते दोन्हीकडं सारखंच, म्हणून त्याला रकाना न्हाई. टॅबाचं बरं होतं, एकेकानं एकेक घेऊन मोकळं होता आलं. आई एकच हाये. मला माझ्या ओसरीवर बसून पोथी वाचायचीय, दुसरं काही न्हाई.

ता. क. दुसरा. अंकुश अण्णांना शेजारच्या दानम्माचा नमस्कार. हे मी माझ्या मनानं लिहायले, अक्काला ठाऊक न्हाई. तिच्या हाताला काहीच झालं न्हाई, आज सकाळी दहा भाकरी थापल्या, पीठ चाचपून. 'थोडंसंच कमी' हे खोटं हाये. मी दारात उभी राहिले तर बोलल्याबिगर मला ओळखत न्हाई. काल चुलीपाशी पदराचं टोक जळालं, मी होते म्हणून भागलं. श्रावणाचं तुम्ही मनावर घेऊ नका, ते मी ठरवलंय, ती पोथी समोर घेऊन बसंल, मी शेजारी बसून एकेक ओळ हळू सांगंन आणि ती मोठ्यानं म्हणंल, बायांना कळणार न्हाई. पण तुम्ही श्रावणाची वाट बघू नका, पत्र मिळंल त्या दिवशी निघा. लेकांना सांगायचं का न्हाई ते तुमचं तुम्ही ठरवा, मला धीर होत न्हाई.

वरचं सगळं लिहून झाल्यावर मी तिला पत्र वाचून दाखवलं, हे खालचं सोडून. ती म्हणाली, आण बघू इकडं. शेवटचा कागद घेऊन खिडकीपाशी गेली, वरपासनं खालपर्यंत बघितला आणि म्हणाली, दानम्मा, अक्षर किती चांगलं काढलीस गं, ओळी कशा सरळ आल्यात. अण्णा, तिच्याकडं कागदाची कोरी बाजू होती.