कुणी सांगितलं?

सांगवी, ता. बारामती
१८ फेब्रुवारी २०२५

प्रिय संजीवनी,

सलाम आणि नमस्कार, दोन्ही घे. लहानपणी तू दोन्हींसाठी हटून बसायचीस. लोणी देवकरच्या कंपनीत तू कायम झालीस, असं तुझी आई, लीलाकाकू, सांगत होत्या. बरं वाटलं. चौदा वर्षांनी हिला पत्र कुठून सुचलं, असं म्हणशील. फोनवर मला हे बोलता आलं नसतं.

मी बारामतीला इतिहासात एम.ए. करतेय. निबंध आपल्या कालव्याच्या पाणीपाळ्यांवर आहे, म्हणजे पाणी कधी सोडलं, किती दिवस चाललं त्यावर. आमचे ऋषिराज सर टिपणांच्या बाबतीत फार कडक. एका कार्डावर एकच गोष्ट, वर क्रमांक, आणि तळाशी ती कुठून मिळाली ते. तळ रिकामा दिसला की विचारतात, "कुणी सांगितलं?" आता अब्बा भाजीत मीठ कमी आहे म्हणाले, तरी माझ्या तोंडात तेच येतं.

गेल्या सोमवारी चाळीस कार्डं झाली. जेवून आले तर कार्डांच्या डब्यात एक्केचाळिसावं होतं. अक्षर माझं. 'आज कालव्याला पाणी न्हाय.' तळ रिकामा. निबंधाच्या टिपणात मी 'न्हाय' कशाला लिहीन? फाडून टाकलं. मंगळवारी एकूण त्रेपन्न झाली. चौपन्नावं तेच होतं. तेही फाडलं. काल पुन्हा आलं. या वेळी कडा ओल्या होत्या, आणि डब्याच्या तळाशी वाळू आणि एक शिंपला.

कालच पाटबंधारे खात्याच्या जुन्या वहीत नोंद सापडली होती. ९ मार्च २०११, सकाळी दहाला पाणी सोडलं.

छकुली कालव्यात वाहून गेली तो दिवस. सहा वर्षांच्या बहिणीला तू एकटं सोडलंस, असं सगळे म्हणाले. लीलाकाकू म्हणाल्या, "तुज्यामुळं गेली माजी पोर," आणि तुला मामाकडं धाडलं. मी शेजारच्या ओट्यावर उभी होते. सगळं ऐकत.

संजा, अब्बांनी सकाळीच मला बजावलं होतं, "आज पानी सुटनार हाय, पोरींना सांग." तू दळण आणायला गेलीस तेव्हा छकुली आमच्या दारात आली. ओढणी ओढत म्हणाली, "नसरीनताई, कालव्यात शिंपलं येचायला जाऊ?" मी गोष्टीचं पुस्तक वाचत होते. म्हटलं, "जा, आज कालव्याला पाणी न्हाय."

विसरले होते, असं मी इतकी वर्षं स्वतःला समजावत आले. विसरले नव्हते. मला फक्त तिला घालवायचं होतं.

कालचं कार्ड फाडलं नाही. तळाशी लिहिलं: सांगणारी, नसरीन रसूल शेख, वय दहा. पाणी सुटणार हे माहीत होतं. ते पत्रासोबत पाठवतेय. हे पत्र टाकून मी लीलाकाकूंकडे जाणार आहे. चौदा वर्षं तुझ्या माथी असलेला दोष माझा आहे, हे त्यांना माझ्या तोंडून कळायला हवं.

एकच कर. कार्ड उलटून बघ. मागं 'कुनी सांगितलं' असं विचारलंय. ते सरांचं अक्षर नाही, माझंही नाही. एकाही अक्षरावर रेघ नाही. छकुलीला पाटीवर तूच शिकवायचीस, आणि रेघ दे म्हणून रागवायचीस. तू ओळखशील.

तुझी म्हणायचा हक्क नसलेली,
नसरीन