गाव चुकीच्या उतारावर

सोम., ३ एप्रिल २००६
इराला फ्रेंचच्या वर्गात प्रोजेक्ट मिळालंय. आल्प्समधलं एक फ्रेंच बोलणारं डोंगरी खेडं, नाव कोंबरेल. भूगोल, उद्योग, इतिहास, शिवाय मॉडेल. नात म्हणाली, "आबा, यू जॉग्रफी टीचर, सो यू डू लाह!" करतो म्हटलं. चौतीस वर्षं कोरेगावच्या पोरांना समोच्च रेषा शिकवल्या, आता इथे परदेशात, सेम्बावांगला मुलाच्या अकराव्या मजल्यावरच्या घरात बसून शिकवतो. दुसरं काम काय आहे मला? एकट्यानं खाली जायचं नाही, गॅसला हात लावायचा नाही. "थोडा चेंज म्हणून चला," असं मुलगा निखिल म्हणाला होता. चेंजला पाचवा महिना लागला. इथे राहायचा पास दोनदा वाढवून झाला.

गुरु., ६ एप्रिल
दिवसभर खोके कापले. शंभर मीटरला पुठ्ठ्याचा एक थर. प्राजक्ता, आमची सूनबाई, ऑफिसातून आली. हॉलभर कचरा. एक अक्षर बोलली नाही, उलट झाडू घेऊन बसली. बोलली असती तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.
इरा फ्रेंच वाचते, इंग्रजीत सांगते, मी मराठीत टिपतो. मधे ओढा, दोन्हीकडे उभे डोंगर. पूर्वी राय नावाचं धान्य, बटाटे, गाई, चीज. धान्याची कोठारं लाकडी, पायांवर उचललेली, मधे मोठ्या दगडी चकत्या. उंदीर तिथवर चढतो आणि अडकतो. शाबास रे गड्यांनो! पुढे पोरं खाली कारखान्यांत गेली. शाळा बंद पडली. आता बर्फावर घसरायला येणाऱ्यांची घरं, एरवी कुलूप.
शाळेचं ऐकून वाईट वाटलं. कुठली कोण माणसं, पण वाटलं.

रवि., ९ एप्रिल
जेवताना निखिलनं विषय काढलाच. कोरेगावच्या घराला गिऱ्हाईक आलंय. मुखत्यारपत्रावर माझी सही हवी, वकिलातीत २४ तारखेची वेळ घेतलीय. घेतलीय! विचारलं नाही, घेतलीय. मी म्हटलं, घर विकायचं नाही, मला परत जायचंय.
"आबा, न्हाणीत सव्वा तास पडून होतात तुम्ही. शेजारच्या गायकवाडकाकांनी दार तोडलं नसतं तर?"
 दर वेळी तेच काढतो. ताटावरून उठलो.
घर तरी काय, दोन खोल्या नि वर स्लॅब. पण त्या स्लॅबवर माझ्या कुसुमनं एकवीस दिवस कळशीनं पाणी मारलंय. आज ती असती तर निखिलची काय टाप होती!

बुध., १२ एप्रिल
डोंगर उभा राहिला. सुरेख झालाय, उगाच विनय कशाला. घरं चिकटवली. कुठल्या उतारावर ते फोटोत नीट कळेना, तेव्हा स्वतःची अक्कल चालवली. उत्तरेकडे तोंड असलेला उतार घेतला. गार सावली, मागे झाडी, ओढा हाकेवर. माणसांना आणखी काय हवं?
संध्याकाळी इरानं खाली नेलं, बाकावर बसवलं. वीस मिनिटं. मग तिचा क्लास, म्हणून वर. डोकं भणभणलं. शेळीसुद्धा याहून जास्त वेळ चरते.

शनि., १५ एप्रिल
आज एक परिच्छेद इराकडून दोनदा वाचून घेतला. त्या गावात एकेका कुटुंबाला दोन घरं असत. जूनमध्ये गाई घेऊन सगळे वरच्या कुरणावर, सप्टेंबरात परत खाली. एका घरात असताना दुसरं बंद. बंद, विकलेलं नव्हे! किल्ली वळचणीला खिळ्यावर.
रात्रीपर्यंत दम निघेना, शनिवारीही ऑफिसात गेलेल्या निखिलला फोन केला. "सहा महिने इथे, सहा तिथे. किल्ली गायकवाडकडे." आधी त्याला वाटलं मला काही झालं, घाबराघुबरा झाला. मग म्हणाला, "आबा, त्यांचं सगळं घर बरोबर जायचं. तुमच्याबरोबर कोण येणार?"
पोरगा हुशार निघाला. शिकवला कुणी!

मंगळ., १८ एप्रिल
फजिती. इरानं मॉडेल वर्गात दाखवलं. मॅडम आधी वा वा म्हणाल्या, मग घरांवर बोट ठेवून हसल्या. "आबा, शी सेड नोबडी कॅन लिव्ह देअर! विंटरमध्ये थ्री मन्थ्स नो सन!" थंड मुलखात गाव दक्षिणेकडच्या उन्हात बसतं. अहो, हे मी स्वतः फळ्यावर शिकवलंय, हिमालयाच्या धड्यात! डोक्याला ठाऊक होतं, हातांना नव्हतं. हातांनी आपल्या एप्रिल-मेच्या हिशेबानं सगळं गाव प्रेमानं सावलीत नेऊन ठेवलं.
इरा हसत होती. मला काही हसू येईना.

शुक्र., २१ एप्रिल
घरं सोडवून पलीकडे लावतोय. डिंक पक्का, दोन छपरं फाटली.
दुपारी पडलो होतो. माझ्या खोलीची खिडकी बाहेरच्या सामाईक कॉरिडॉरवर उघडते. म्हणजे उघडत नाही. लोक येता-जाता आत बघतात म्हणून पडदा कायम ओढलेला. आलो त्या दिवशी निखिल काय कौतुकानं म्हणाला होता! "आबा, तुम्हाला मुद्दाम सावलीची खोली. दुपारचं ऊन अजिबात येत नाही." ती दोघं पश्चिमेच्या भट्टीत झोपतात.
हातात पुठ्ठ्याचं घर होतं. एकदम लक्षात आलं, पोरानं अगदी माझ्यासारखंच केलंय. आता याच्यावर रागवायचं तरी कसं? चार महिने त्या रागावर तर दिवस काढले.
रडलो. इथे लिहितो, सांगणार कुणाला नाही.

रवि., २३ एप्रिल
आज निखिलला समोर बसवलं. मॉडेल दाखवलं, चूक सांगितली. म्हटलं, "तू मला मायेनं ठेवलंयस, मान्य. पण इथे मला ऊन लागत नाही रे." त्याचे डोळे भरले. कळलं त्याला, असं वाटलं.
उठला, प्राजक्ताशी कुजबुजला. तासाभरात त्यांचा पलंग माझ्या खोलीत, माझा त्यांच्या. घामाघूम झाला होता. "आता बघा आबा, सहापर्यंत ऊन!"
 "छान" म्हटलं. प्राजक्ता दारात उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. तिला कळलंय.

सोम., २४ एप्रिल
वकिलात. नंबर ४७. पाटीवर ४३.
निखिलनं अर्धी रजा टाकलीय. कागद वाचला: मी स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय... दडपण नाही, खरंच आहे. दडपण असतं तर नाही म्हणणं किती सोपं होतं!
सकाळी इरा मॉडेल घेऊन शाळेत गेली. सगळी घरं उन्हात. एक मात्र निघालंच नाही, डिंक फार बसला होता. मी म्हटलं, फाडून काढ. "नो लाह आबा, ते राहू दे. इट्स द सेकंड हाऊस."
४५.
सही केली की गायकवाडनं किल्ली त्या माणसाला द्यायची. नाही केली तर हा मला पुन्हा न्हाणीत पडलेला मनातल्या मनात बघत बसणार, रोज, इथून. तिथे कुणी दार तोडायला नसलं तर? मलाही भीती वाटते. हे त्याला कधी बोललो नाही.
आणि तरी जायचंय. जायचंयच.
४६. पलीकडच्या खिडकीतला साहेब प्रत्येकाला विचारतोय, "अपनी मर्ज़ी से?" सगळे हो म्हणतात.
४७. निखिल उठला. हात पुढे करून पेन मागतोय, त्याचं घरी राहिलं. दोघांत हे एकच पेन.
थांब म्हटलं. लिहितोय.