हवाबंद पेटी

५ मे १९९६, रविवार

आजपासून रोजनिशी. उद्योगात पडायचं तर शिस्त हवी. उद्यापासून पहाटे उठणार.

मंडळाची स्थापना झाली. नाव: पेण-रोहा पोर्टेबल संगणक मंडळ. अध्यक्ष मी. सभासद हैबतराव. तो आमच्याच कंपनीत, रोह्याला, इलेक्ट्रिशियन आहे, मी स्टोअर्सला. गेल्या वर्षी कंपनीने तीन जुने पोर्टेबल कॉम्प्युटर भंगारात काढले. दोन मी उचलले, एक त्याने. पोर्टेबल अशासाठी, की वर हँडल आहे. बाकी आकार आणि वजन शिलाई मशीनचं. पडदा पोस्टकार्डाएवढा, अक्षरं हिरवी. हैबतरावचा चालतो. माझे दोन्ही तत्त्वतः चालतात.

अशा मशिनांचा खरा शत्रू म्हणजे आपल्याकडची दमट हवा. पावसाळ्यात फ्लॉपीला लोणच्यासारखी बुरशी धरते. यावर माझा उपाय: हवाबंद पेटी. खाली मशीन, वर फ्लॉपींचे कप्पे. अख्ख्या भारतात कोणी केलेली नाही. हैबतराव म्हणाला, कोणाला नको असेल म्हणून केली नसेल. त्याला धंद्याची दृष्टी नाही.

पुण्याच्या सबनीसांचं कार्ड आलं. त्यांच्याकडे असली जुनी मशिनं खोलीभर आहेत. जूनमध्ये येऊन नमुना बघतो म्हणतात. पसंत पडला तर सगळ्यांना पेट्या. म्हणजे ऑर्डर आलीच.

६ मे

पहाट हुकली. रात्री विचार फार केला.

१२ मे, रविवार

सुताराला विचारलं. लाकूड पावसात फुगतं असं तोच म्हणाला. मग एकदम सुचलं. मेहुणा! पुंडलिकचा गणपतीचा कारखाना घरापासून हाकेच्या अंतरावर. साचे, प्लास्टर, काथ्या, रंग, कारागीर, सगळं तयार. पेणमध्ये राहून मी लाकडाचा विचार करत होतो!

नमिता म्हणाली, ऐन सीझनला माझ्या भावाच्या डोक्याला ताप देऊ नका. तिला समजावलं, की हा फक्त तिच्या भावाचा प्रश्न नसून देशाचा आहे. ती पापड लाटत होती, लाटत राहिली.

पुंडलिक म्हणाला, "भावोजी, सीझनला पेटारा करत बसू, तर लोकांला गणपती कवा देऊ?" पण बहिणीच्या नवऱ्याला नाही म्हणायची त्यांच्याकडे पद्धत नाही. पद्धती चांगल्या असतात.

१४ मे, मंगळवार

मापाला मशीन पाहिजे. माझ्या दोन्हींचे कोपरे उडालेत. ड्यूटी संपल्यावर रोह्याशेजारच्या अष्टमी गावी हैबतरावच्या घरी गेलो. त्याची मुलगी प्रणिता मशीनवर टायपिंगचा सराव करत बसली होती. कंपनीच्या ऑफिसात एक जागा निघाली आहे, दहा जूनला टेस्ट. क्लास लावणं परवडत नाही म्हणून बापाने भंगारातलं मशीन दुरुस्त करून दिलेलं. मुलगी चटपटीत आहे. मी आलो तशी उठून उभी राहिली, पण बोटं टेबलावर चालूच.

चार दिवसांत परत देतो म्हटलं. शांतीवहिनी म्हणाल्या, "न्या, पन पोरीची परीक्षा हाय. येळेवर आना म्हंजे झालं." मशीन रिक्षात चढवताना हैबतरावने खालून हात दिला. सभासद म्हणून चांगला आहे.

१९ मे, रविवार

पुंडलिकने पट्टी लावून पाच मिनिटांत माप घेतलं आणि मशीन घेऊन जा म्हणाला. मी नेलं नाही. माप आणि प्रत्यक्ष यात फरक असतो हे त्याला कळत नाही. तो वर्षानुवर्षं गणपती करतो. प्रत्यक्ष बघून थोडेच करतो?

मशीन कारखान्यातच ठेवलं. वर गोणपाट टाकलं. आजूबाजूला नुसता प्लास्टरचा भुगा उडतो.

२६ मे, रविवार

काल कंपनीत हैबतरावने मशीनची आठवण करून दिली. नमुना तयार होऊ दे म्हटलं. तोवर त्याने पुठ्ठ्यावर बटणं आखून दिली आहेत, प्रणिता त्याच्यावर बोटं आपटते. कल्पना मला फार आवडली. वीज लागत नाही. लोडशेडिंगमध्येही सराव चालू. उलट मशीनची सवय लागली असती तर पोर आळशी झाली असती.

तसं त्याला बोलूनही दाखवलं. तो डब्यातलं जेवत होता. वर बघितलं नाही.

२ जून, रविवार

साचा उत्तम निघाला. पेटीचे दोन भाग, खालचा आणि झाकण. काथ्या भरपूर घातल्यामुळे मजबुती अशी, की पुंडलिकचा एक माणूस वर उभा राहिला. वजन थोडं आहे. मशीन आत ठेवून उचलायला दोघं लागतात, तिसरा दार धरायला. पोर्टेबल वस्तूला माणसं जोडलेली बरी, मंडळ वाढतं.

पुंडलिकला कडेने सोनेरी पट्टी ओढायची होती. ठाम नकार दिला. शेवटी बारीक पट्टी ठरली.

६ जून, गुरुवार

सबनीस परवा येणार! नुसती रिकामी पेटी दाखवण्यात अर्थ नाही. मशीन आत बसवलं, फ्लॉपी कप्प्यांत लावल्या, झाकण ठेवलं. बिजागऱ्या आणि कडी सबनीसांच्या पसंतीने नंतर.

फिनिशिंगची ठमाबाई गडब गावाहून येते. जुनी कारागीर. तिला नीट बजावलं, की पुण्याचा माणूस आहे, काम एक नंबर पाहिजे, कुठे फट दिसता कामा नये. ती व्हय म्हणाली. माणसाला काम सांगण्याची माझी हातोटी कंपनीने ओळखली नाही.

हैबतराव आज गेटवर थांबला होता. सोमवारी टेस्ट. म्हटलं, शनिवारी सबनीस गेले की रविवारी मशीन तुझ्या घरी. एक अख्खा दिवस हातात राहतो. जिला येतं तिला एक दिवस पुष्कळ.

८ जून, शनिवार. दुपार.

सबनीस पहिल्या एसटीने आले. सफारी, खिशाला दोन पेनं. कारखान्यात नेलं. गणपतींच्या रांगेत फळीवर आमची पेटी. काय सांगू! आकाशी रंग, सोनेरी पट्टी, हात फिरवला तर लोण्यासारखी. वर हळदकुंकू आणि जास्वंदीचं फूल. नव्या साच्यातला पहिला नग तयार झाला की इथे तसं करतात.

सबनीसांनी चारही बाजूंनी बघितलं. टिचकी मारली. मग अत्यंत सभ्यपणे विचारलं, उघडते कुठून?

मी बघितलं. उघडत नव्हती. झाकणाची फट ठमाबाईने प्लास्टरने भरली होती, घासली होती आणि वरून रंगाचे दोन हात दिले होते. विचारलं तर म्हणाली, "तुमीच बोललाव ना, फट दिसाया नको. आता शोधा, गावते का." तिचंही बरोबर. जोड दिसला तर त्या कारखान्यात नाक कापलं जातं.

फोडा म्हटलं. कोणी हात लावेना. पुंडलिक म्हणाला, हळदकुंकू लागलेल्या नगावर भर सीझनात, एवढ्या गणपतींच्या समोर हातोडा पडला तर कारागीर उद्या कामावर यायचे नाहीत. "घरी न्या भावोजी, थितं काय ते करा."

सबनीसांना म्हटलं, हवाबंद आहे. ते म्हणाले, ते दिसतंच आहे. चहा घेतला, फूटभर गणपती बुक केला आणि गेले. पेटीबद्दल वाईट एक शब्द बोलले नाहीत. पसंत आहे.

९ जून, रविवार

हैबतराव सकाळीच आला. सोबत प्रणिता. तिने पुठ्ठा गुंडाळून आणला होता, गाडीत सराव केला म्हणे.

पेटी अंगणात ठेवून हॅक्सॉने कापायला घेतली. जोडावरच कापत होतो, पण जोड सापडेना. दोनदा पातं तुटलं. पांढरा भुगा सगळीकडे. मशीन बाहेर निघालं ते रंगाआधीच्या गणपतीसारखं, पांढरंफेक. फटीतून ओलं प्लास्टर आत गळलं होतं आणि फ्लॉपी घालायच्या तोंडात घट्ट बसलं होतं. हैबतरावने पंच्याने पुसलं, स्क्रू काढले, ब्रश मारला, स्क्रू लावले. दीड तास गेला.

चालू केलं. पंख्याने भुगा बाहेर फेकला. पडद्यावर एक हिरवी रेघ आली. जळका वास आला. रेघ गेली.

प्रणिता म्हणाली, "राहू द्या काका." नमिताने पानं वाढली होती. हैबतराव जेवला नाही. "चल गो, गाडी जाईल," एवढंच म्हणाला. मशीन तसंच ठेवून गेले.

टेस्ट नव्या कॉम्प्युटरवर असते. त्याची बटणं वेगळी. या मशीनवर सराव करून गोंधळच झाला असता. नमिताला हे सांगितलं. तिने ताटं उचलली आणि माझंही उचललं. माझं जेवण व्हायचं होतं.

१० जून, सोमवार

रजा. ताप असावा. थर्मामीटरमध्ये येत नाही.

१६ जून, रविवार

निकाल कळला. प्रणिताचं अचूक आलं, स्पीड कमी पडला. दुसरी मुलगी घेतली. सबनीसांचं पत्र नाही. पोस्टाचा घोळ असणार.

२३ जून, रविवार

माझी दोन्ही मशिनं घेऊन अष्टमीला गेलो. तिन्हींचं मिळून एक चालू होईल असा प्रस्ताव. हैबतराव बाजारात गेला होता म्हणे. त्याच्या चपला दारात होत्या.

शांतीवहिनींनी पाणी दिलं. पेटीचा खालचा भाग टाकून देणार असाल तर आम्हाला द्या म्हणाल्या, कोंबडी खुडूक झालीय. मी देतो म्हटलं.

३० जून, रविवार

पेटी पोचवली. भुसा घालून कोंबडी अंड्यांवर बसवली. वहिनी म्हणाल्या, कोरडी ऱ्हाते चांगली. म्हणजे डिझाइन बरोबर होतं. हे नोंदवून ठेवतो.

२३ जुलै, मंगळवार

आज पहिल्या शिफ्टला गेटवर प्रणिता दिसली. आमच्याच कंपनीत लागली आहे. ऑफिसात नाही, पॅकिंगला, कंत्राटावर. डोक्याला रुमाल, बोटांना चिकटपट्ट्या. पोत्यांची शिलाई करून बोटं फुटतात. मी दुसरीकडे बघणार होतो, तेवढ्यात तिनेच हाक मारली. "काका, कोंबडीनं नऊ पिल्लं काढली. एक तुमच्या घरी देऊ काय?"

मी बरं म्हटलं. मग स्टोअर्समध्ये जाऊन बसलो. वाईट वाटलं. दिवसभर कोणाला तरी सांगावंसं वाटत होतं, पण मला ज्याला सांगायची सवय आहे तो हैबतराव.