ऑइल बदलायला बरा दिवस

रविवार, ९ नोव्हेंबर
एक तारखेपासून रोजनिशी लिहायची होती. वही आणली, पेन आणला, वहीला कव्हर घातलं. कव्हर घालून इतकं समाधान झालं की लिहायचं राहूनच गेलं. असो. आता एक दिवसही नागा नाही.

कारणही मोठं आहे. धाकटी बहीण आरती पहिल्या बाळंतपणाला माहेरी येते. २३ तारखेला, रविवारी, तिला अकोल्याहून अमरावतीला आणायचं. तिच्या सासरी व्हॅन आहे. पण बाबांचं म्हणणं, पहिल्या खेपेस माहेरचीच गाडी गेली पाहिजे. आणायला जाणार मी. बाबांनी आयुष्यात दुसऱ्यांदा माझ्यावर काही सोपवलं. (पहिल्यांदा आरतीच्या लग्नातला पाण्याचा टँकर. तो मांडव सोडून बडनेऱ्याला गेला.)

अट एकच. आधी गाडीचं इंजिन ऑइल बदल. बाबा म्हणाले, "चौदा दिवस हायेत अंकुर. काम येक हाय. येकच." ऑइलचा डबाही स्वतः आणून डिकीत ठेवला. इतका अविश्वास!

उद्याच करतो.

मंगळवार, ११ नोव्हेंबर
काल गॅरेजला पोचलो. कुलदीप मेकॅनिक म्हणाला, इंजिन गरम असलं की जुनं ऑइल चांगलं निघते, थोडी फिरवून आण. फिरवली. मोझरीपर्यंत. तिथं आश्रमात प्रार्थनेला बसलो. मनाला अशी शांतता वाटली की काय सांगू. परत आलो तर गॅरेज बंद.

एका अर्थी बरंच झालं. गाडीच्या दाराच्या आतून कुलदीपनं चिकटवलेला कागद आज नीट वाचला. पुढचं ऑइल ६२,००० किलोमीटरला. मीटर ६१,६२०. म्हणजे तीनशे ऐंशी किलोमीटरचं चांगलं ऑइल मी नालीत ओतणार होतो! कागदावर "किंवा सहा महिने, जे आधी होईल" असंही आहे. सहा महिने मेमध्येच संपले. पण उभ्या गाडीत ऑइलले काय होते? डब्यात नाही राहत का वर्षभर?

शनिवार, १५ नोव्हेंबर
कुलदीपचा फोन. आज मोकळा हाय, घेऊन ये. नेमका शनिवार. शनिवारी तेलाचं काम करत नाहीत. बाबांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "अबे, शनिवारी तेल इकत घेत नाही. हे तं मी बुधवारीच आणलं." श्रद्धेत इतकी चिरफाड करू नये.

सोमवार, १७ नोव्हेंबर
आरतीचा फोन. तिच्या सासूबाई, पंचफुलाबाई, विचारून राहिल्या म्हणे, ऑइल बदललं का. सासरे शेषरावांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून बाई एकसष्टाव्या वर्षी ड्रायव्हिंग शिकतात. मी हसून हसून बेजार. म्हटलं, त्याहिले म्हणा, आधी क्लच कोणता ते पाहा. आरती हसली नाही. म्हणाली, "डॉक्टरनं एसटीचे धक्के नको म्हटलं, दादा. मी तुह्या भरवशावर हावो. बदल ना गा."

ताबडतोब निघालो. चौकात भातकुलीचा पिंटू भेटला, माझा शाळेतला दोस्त. त्याच्या फवारणीच्या पंपात ऑइल नव्हतं. शेतावर गेलो, डबा उघडला. उघडलाच होता तर त्याच्या मोटरसायकललाही दिलं. अर्धा डबा गेला, पण त्यानं पिशवीभर वांगी दिली. माणुसकी टिकली पाहिजे.

गुरुवार, २० नोव्हेंबर
अमावस्या. आज नाही.

काल चांदूर रेल्वेला, परवा चिखलदऱ्याला गाडी नेऊन आलो. लांबच्या प्रवासाआधी ट्रायल पाहिजेच. मीटर ६१,८९०. अजून एकशे दहा शिल्लक, अन् अकोला शंभर किलोमीटर. हिशोब पहा कसा जुळतो. येतानाचं येताना पाहू.

शनिवार, २२ नोव्हेंबर
पुन्हा शनिवार! कॅलेंडरच आपल्या बाजूनं नाही.

डॅशबोर्डवर लाल दिवा लागला. आकार चिरागासारखा. चिराग आहे म्हणजे शुभच असणार. आईनं आरतीची खोली आवरली, बाज टाकली, शेगडी काढून ठेवली. सारखी दारातून डोकावून पाहते, जशी काही आरती आतच झोपली आहे. बाबांनी विचारलं, "झालं का?" मी म्हटलं, झाल्यातच जमा. बाबा माझ्याकडे पाहून चक्क हसले. तेवढं करायला नको होतं.

रविवार, २३ नोव्हेंबर
सकाळी ७.१०. निघालो. दिवा अजून लागलेला आहे. सोबत असली की बरं वाटते.

८.४०. मूर्तिजापूरच्या अलीकडे. इंजिनात आधी टकटक, मग खडखड, मग शांतता. मोझरीत वाटली होती तशीच. पण यावेळी मनाला नाही.

८.५५. ऑइल मोजायची कांडी ओढून पाहिली. कोरडी. टोकाला डांबरासारखं काहीतरी. डिकीतला उरलेला अर्धा डबा ओतला. चावी फिरवली. इंजिन हलत नाही. डिकीत वांगी तेवढी आहेत.

९.१०. आरतीचा फोन. म्हटलं, हे काय, पोचलोच. ती म्हणाली, "दादा, खरं सांग." मग सगळं सांगितलं. दोन्ही शनिवार, अमावस्या, चिराग, वांगी. रागावली असती तर चाललं असतं. तिनं फक्त गाडी कुठं बंद पडली तेवढं विचारलं. मग म्हणाली, "तू तेथीच राय."

९.३०. बाबांचा फोन वाजतो आहे. उचलतो. थोड्या वेळानं.

१२.०५. निंबाखाली बसून हे लिहितो तोच अकोल्याकडून एक पांढरी व्हॅन आली. समोर लाल अक्षरात एल. वीसच्या स्पीडनं, कडेकडेनं, पण एकदाही गचका न देता बरोबर माझ्यासमोर उभी राहिली. मागं उशीला टेकून आरती. पुढं काळा चष्मा लावलेले शेषराव, पण ते डावीकडे. ड्रायव्हरच्या दारातून पंचफुलाबाई उतरल्या. पदर खोचलेला, हातात कांडी पुसायचं फडकं. माझ्या नमस्काराकडे पाहिलं नाही. मला म्हणाल्या, "बॉनेट खोला, बापू."