दामूची जागा

ती. सासूबाई,

काल ह्यांना कारखान्याच्या नव्या क्वार्टरची किल्ली मिळाली. वरचा मजला, तीन खोल्या, पुढे गॅलरी. तुम्ही असतात तर पहिल्यांदा काय विचारलं असतंत ते मला ठाऊक आहे: दामूला कुठे ठेवणार? ह्यांनी ते विचारलं नाही, मीही काही बोलले नाही. आज सुट्टी म्हणून सामानासाठी हातगाडी ठरवायला हे बाजारात गेलेत आणि मी मागच्या अंगणात बसले आहे. घरात दुसरं कोणी नाही. म्हणून तुम्हालाच लिहिते.

तुम्ही बदलापूरहून आलात तो दिवस आठवतो का हो? मामंजी गेले, घर पुतण्यांच्या वाट्याला गेलं. त्यांनी विहीर उपसायला काढली, आणि गाळाबरोबर हे कासव वर आलं. पाणी स्वच्छ राहावं म्हणून मामंजींनीच कधीकाळी त्याला विहिरीत सोडलं होतं. टांग्यातून उतरलात तेव्हा तुमच्या एका हातात बोचकं होतं आणि दुसऱ्या हातात ओलं फडकं बांधलेली बादली. मला वाटलं, सुनेसाठी काहीतरी आणलंय. फडकं सोडून बघते तर काळीभोर पाठ! तुम्ही एवढंच म्हणालात, "हा दामू."

आधी त्याला तुमच्या अंघोळीच्या घंगाळात ठेवलं, मोरीत. तिथे ऊन नाही, बसायला कोरडी जागा नाही. दिवसभर तो कडेवर नखं घासत वर चढायचा आणि घसरून पडायचा. तो आवाज चुलीपाशी ऐकू यायचा. पुढे पाठीवर पांढरट बुळबुळीत थर धरला, तसं ह्यांनी लाकडी खोकं आणून त्यात माती भरली. मातीत तो मान आत ओढून बसला तो बसलाच. पाण्यात असल्याशिवाय त्याला घास गिळता येत नाही, हे आपल्यापैकी कोणाला माहीत होतं? भाताची शितं त्याच्यापुढे वाळून जायची. तुम्हीही तेव्हा अर्ध्या भाकरीवर उठत होतात. बरं नाही का, असं मी विचारलं की म्हणायचात, भूक नाही. दिवसभरात आपलं बोलणं काय ते तेवढंच.

मग ह्यांनी सुचवलं, देवळामागच्या नदीत सोडून येऊ, त्याचं त्यालाही बरं. तुम्ही तांदूळ निवडत होतात. हात न थांबवता म्हणालात, "त्याला एकदा राहत्या जागेतून उचललंय. आता पुन्हा कुठे सोडू नकोस."

मी शेजारीच पाखडत होते, सुपातून वर बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मीच म्हटलं, चला, दामूसाठी काही मिळतंय का ते उल्हासनगरला कॅम्पात बघून येऊ. लग्नानंतर आपण दोघीच अशा कुठे बाहेर पडलो ते पहिल्यांदाच. बराकींच्या पुढ्यात सिंधी लोकांनी दुकानं मांडलेली, लष्कराचं जुनं सामानही विकायला होतं. सिमेंटची कुंडी तुम्हाला फार खोल वाटली. एकाने काचेची पेटी दाखवली, ती मला आवडली होती. तुम्ही मान हलवलीत. "चहूबाजूंनी लोक बघणार. त्याने लपायचं कुठे?"

शेवटी भंगाराच्या दुकानात तो लांबट, उथळ जस्ती टब दिसला. दुकानावर एक म्हातारी होती, तुमच्याच वयाची. किसके लिए, असं तिने विचारलं. तुम्ही तुमच्या हिंदीत म्हणालात, "घरका मानूस है." कासव आहे हे कळल्यावरही ती हसली नाही. नदीकाठच्या तिच्या घराबद्दल बोलत राहिली, ते आता दुसऱ्या देशात गेलं होतं. तिचं अर्धं बोलणं तुम्हाला कळलं नसेल, तुमचं तिला. तरी निघताना तिने तुमचा हात किती वेळ सोडला नाही!

टब अंगणात ठेवला, सकाळचं ऊन येईल असा. अर्ध्या भागात पाणी, अर्ध्यात चपटे दगड उतरते रचलेले, वर चढून बसता यावं म्हणून. एका टोकाला फुटकं मडकं आडवं घातलं, लपायला. कावळ्यांच्या भीतीने वर जाळी, आणि जाळीवर दुधीचा वेल सोडलात, दुपारच्या सावलीला. एवढं सोवळं पाळणाऱ्या तुम्ही त्याच्यासाठी गांडुळं उकरायला बसलात, तेव्हा मी पदर तोंडाशी धरून हसले होते.

तो दगडावर चढला, मान लांब केली आणि उन्हात डोळे मिटून पडला. त्या दिवशी तुम्ही पोटभर जेवलात.

मग दुपारी तुम्ही त्याच्याशी बोलायला लागलात. मी दाराआड भांडी पुसत होते. तुम्ही त्याला सांगत होतात, "सून गुणाची आहे रे. पण माझ्याशी बोलत नाही."

मी? मला तर वाटायचं, तुम्हीच बोलत नाही!

हातातलं भांडं ठेवून मी बाहेर आले, टबाच्या पलीकडे बसले आणि विचारलं, ह्याला ऊन पुरतं का हो? तुम्ही सरकून मला जागा दिलीत. तो सबंध हिवाळा आपण तिथे बसलो. ह्यांच्या लहानपणीच्या खोड्या, मामंजींचा राग, तुमची गेलेली मुलगी. एवढं सगळं सांगायचं होतं, तर मग इतक्या लवकर का गेलात? फाल्गुनात साधा ताप काय आला आणि तुम्ही उठलाच नाहीत. हे कारखान्यात जातात, येतात, जेवतात. घरात तुमचं नाव निघत नाही. मी दामूपाशी येऊन बसते. तो ऐकतो की नाही, कोण जाणे.

इथवर लिहिलं आणि हे आले. सामान का बांधलं नाहीस, असं विचारलं. मी म्हटलं, मला वर जायचं नाही.

"एका कासवासाठी?"

"त्याच्यासाठीही. पण तुमच्या आईशी मी इथेच बोलते."

हे धुण्याच्या दगडावर बसले. तुम्ही गेल्यापासून अंगणात असे बसले नव्हते. दामूकडे बघत हळूच म्हणाले, "आई माझ्याबद्दल काय बोलायची गं?"

मी सांगितलं. सगळं नाही, एकच गोष्ट. हे खाली मान घालून ऐकत होते.

किल्ली परत करतो म्हणाले. दामूचं पाणी मी बदलत राहीन, हिवाळ्यात टब उन्हाकडे सरकवीन. आणि सासूबाई, तुम्ही सांगितलेलं सगळं मी तुमच्या मुलाला सांगेन. पण एका वेळी थोडंच. लवकर संपू देणार नाही.

तुमची,
कमल