तुझी पांढरी, माझी लाल

प्रिय सुलभाताई,

‘प्रिय’ लिहिलंय ते पत्राची रीत म्हणून. फार मनावर घेऊ नकोस.

आज अविधवा नवमी. सकाळपासून तुझ्या नावाचा स्वयंपाक केला. पुरणपोळी, कढी, वडे, गवारीची भाजी. शेजारच्या काकूंना सवाष्ण म्हणून जेवायला बोलावलं, त्यांची ओटी भरली, तुझ्या नावाची साडी दिली. काकू पोळीचा पहिला घास घेऊन म्हणतात कशा, “सुलभाच्या हातचं पुरन कसं मऊसूत राहे, नाई?” अगं, पुरण मी वाटलं होतं! कंबर माझी दुखत होती! तेव्हाच ठरवलं, भांडी आवरली की तुला लिहायचं. जिवंत माणसांत कुणाजवळ बोलणार? मेलेल्या बाईवर जळते म्हणतील. जळतेच मी. कुणी विचारलं तर नाही म्हणेन, पण तुझ्याशी खोटं बोलून काय उपयोग?

तुला ‘तुम्ही’ म्हणायला हवं होतं, तू मोठी. पण तू गेलीस तेव्हा होतीस त्याहून मी आता वयानं मोठी आहे. माझे केस कानाजवळ पांढरे व्हायला लागलेत. तू मात्र बैठकीतल्या फोटोत तशीच, दोन वेण्यांतून नुकतीच अंबाड्यावर आलेली! तुझी भाजी कधी खारट होत नाही, तू कधी कुणावर ओरडत नाहीस, तुझं वजन वाढत नाही. सांग, अशा बाईशी बरोबरी करायची तरी कशी?

आणि फोटोवर भागलं असतं तरी चाललं असतं. बिजवराशी लग्न केलं, म्हणून लग्नाच्या दिवशीच सासूबाईंनी, आपल्या आत्याबाईंनी, माझ्या गळ्यात तुझी चांदीची पुतळी बांधली. काळ्या दोऱ्यात, मंगळसूत्राच्या शेजारी. आपल्याकडची रीतच ती. पहिलीला गळ्यात वागवायचं आणि घरात जे जे नवं येईल ते आधी तिला दाखवायचं. नवी साडी आधी पुतळीला लावायची, मग नेसायची. नव्या बांगड्या, नवं धान्य, पहिला आंबा, सगळं आधी तुला. नऊ वर्षांत माझ्या अंगाला कोरी वस्तू लागलीच नाही, ताई. सगळं तुझं उष्टं!

तरी मी कधी कुरकुर केली नाही. म्हणजे केली, पण मनात. मग या वर्षी गाडी घ्यायचं ठरलं आणि ती मनातली कुरकुर एकदम तोंडात आली.

आत्याबाईंचे गुडघे आता मोटारसायकलवर बसू देत नाहीत. तुझी पल्लवी चिखलीच्या कॉलेजात जाते, पावसाळ्यात भिजून येते. यांचीही शाळेतून यायची दगदग वाढलीय. तेव्हा अमडापुरात आपल्याही दारात चारचाकी हवी, असं हे एका संध्याकाळी जेवताना म्हणाले. मी तर पोळी तव्यावर विसरले. वाटलं, ही वस्तू अशी की तुझ्या वेळी घरात नव्हतीच. हिच्यात तुझी आठवण कुठून येणार?

मी किती भोळी!

बुलडाण्याच्या शोरूममध्ये आम्ही सगळे गेलो. पल्लवीला छताला खिडकीवाली हवी होती. मी म्हटलं, आपल्या उन्हात छत उघडून काय पापड वाळवायचे? आत्याबाई प्रत्येक गाडीत चढून उतरून बघत होत्या, गुडघा कुठे किती वाकतो ते. हे खाली वाकून चाकं आणि रस्ता यांच्यातलं अंतर बघत होते, कारण शेताची वाट तुला माहीतच आहे. शेवटी एक सगळ्यांना पटली. जरा उंच, बसायला सोपी, मागे पोतं मावेल एवढी जागा. विकणाऱ्या मुलीनं मला विचारलं, “मॅडम, रंग कोणता?” मी तोंड उघडणार एवढ्यात हे म्हणाले, “पांढरी. थे तं ठरेलच हाय.”

कधी ठरलं? कुणी ठरवलं? बाहेर आल्यावर विचारलं तर म्हणाले, “सुलभाले पांढरी पाहिजे होती. लई मनात होती तिच्या.”

परतीच्या बसमध्ये मी खिडकीजवळची जागा पकडली. खिडकीबाहेर बघत बसले आणि गळ्यातल्या तुला मुठीत धरून इतकी दाबली की तळहातावर ठसा उमटला. गाडीसुद्धा? जी कधी आलीच नाही, जिच्यात तू कधी बसली नाहीस, तिचासुद्धा रंग तूच आधी निवडून गेलीस? मला काय ठेवलंस गं तू या घरात? टायर?

दुसऱ्या खेपेला मी सरळ सांगितलं, “लाल घ्या.”

“लाल काऊन?” हे म्हणाले.

“मले आवडते.”

खोटं होतं. लाल मला कधीच आवडत नव्हता. पण त्या रांगेत पांढऱ्यापासून सगळ्यात लांबचा रंग तोच होता. आत्याबाईंनी कपाळाला हात लावला, “लाल तं एसटी असते वं! लोकं हात दाखवतीन!” पल्लवी हसत सुटली. यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि “बरं” म्हणाले. तेवढंच. मला जिंकल्यासारखं वाटलं. इतक्या वर्षांत तुझ्याशी झालेल्या कुस्तीत पहिल्यांदा तुझी पाठ लागली!

तो आनंद गणेश चतुर्थीपर्यंत टिकला. त्या दिवशी गाडी दारात आली. मी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. गल्ली गोळा झालेली. मी नवी पैठणी नेसून (ती आधी तुला दाखवून!) पुढचं दार उघडलं आणि एक पाय आत टाकला, तेवढ्यात मागून आत्याबाईंचा आवाज. “थांब वं. आधी तिले बसव.”

सगळ्या गल्लीसमोर मी पाय मागे घेतला. गळ्यातला दोरा काढला आणि तुला पुढच्या सीटवर ठेवलं. सगळ्यांनी हात जोडले. हे पलीकडून बसले, गाडी सुरू केली आणि मारुतीच्या देवळापर्यंत एक फेरी मारून आले. नव्या गाडीची पहिली फेरी नवराबायकोनं मारायची असते ना? मारलीत तुम्ही! मी पैठणीत, हातात पूजेचं ताट घेऊन दारात उभी. आणि मी बसले तेव्हा पट्टा लावला नाही म्हणून गाडी लगेच टुंग टुंग करायला लागली. तू बसलीस तेव्हा हूं की चूं केलं नाही तिनं.

त्या रात्री मी जेवले नाही. पोट बिघडलं म्हणून सांगितलं. आत्याबाईंनी मायेनं ओवा दिला, तो तर आणखीच झोंबला.

आता खरी गोष्ट सांगते, जिच्यासाठी हे सगळं लिहायला बसले.

गणपती उठल्यावर आम्ही माझ्या माहेरी लोणारला निघालो, कमळजादेवीच्या दर्शनाला. ऊन कडक होतं. लाल गाडी अशी तापली होती की दाराला हात लावला तर चटका. कुणी काही बोललं नाही, पण मला सगळ्यांची तोंडं दिसत होती. सुलतानपूरला चहाला थांबलो. आत्याबाई गाडीतच बसल्या, आम्ही तिघं टपरीसमोर उभे. तेवढ्यात एक पांढरी गाडी येऊन थांबली. हे तिच्याकडे बघत राहिले. मग आपल्याशीच बोलल्यासारखे म्हणाले, “अशीच दाखवली होती सुलभानं. याच स्टँडवर. लोनारची बस हुकली होती, तिच्या चपलेचा अंगठा तुटला होता. एक चप्पल पायात, एक हातात. तशी उभी राहून म्हने, ‘आपन बी एक घेऊ कधीतरी. पांढरीच घेऊ, उन्हाची तापत नाई.’”

मी कप खाली ठेवला.

“अवो, सुलभाताई लोनारले काऊन येईल? तिचं माहेर तं नांदुऱ्याले!”

“मंग?”

“मंग काय मंग! चप्पल माही होती! आपल्या लग्नाच्या पहिल्या वर्षी, माह्या माहेरी जातांनी! पांढरी घेऊ म्हननारी मी होती!”

हे माझ्याकडे बघतच राहिले. “तू होती?”

“मी नाई तं कोन?”

पल्लवीच्या तोंडातला चहा बाहेर आला. “म्हंजे मावशी, तू सोताच्याच रंगाशी भांडली?”

आणि गाडीतून आत्याबाई म्हणाल्या, “तिनं म्हटलं काय अन् तू म्हटलं काय, एकच हाय.”

एकच? ताई, तू ऐकलंस ना, गळ्यातच होतीस! पांढऱ्या गाडीचं मला नंतर हसूही आलं असतं. पण हे ‘एकच’ ऐकून डोळ्यांत पाणी आलं. तू आणि मी एकच असतो तर मला रोज तुझी पुतळी कशाला बांधावी लागली असती?

दर्शन झालं. देवीपुढे काय मागितलं ते आठवत नाही. तिथून मेहकर येईपर्यंत मी रस्त्याकडेचे दगड मोजत बसले. मागे दोघी झोपल्या होत्या. हेच हळूच म्हणाले, “बोलनं आठोते मले, रेखा. शब्द न् शब्द आठोते. पन कोन बोललं, थे सरमिसळ होते.”

हे ऐकून बरं वाटायला हवं होतं का? थोडं वाटलं. मी स्वतः विसरून गेलेली माझी तुटलेली चप्पल यांना इतकी वर्षं आठवत होती. ‘उन्हाची तापत नाई’ हेसुद्धा जसंच्या तसं. माझं बोलणं यांनी जपून ठेवलं होतं, फक्त तुझ्या नावावर! मग मला वाटायला लागलं, अशी माझी आणखी किती वाक्यं तुझ्याकडे गेली असतील? ‘सुलभा म्हणायची, कढीत मेथीचे दाणे घाल.’ ते तू म्हणायचीस की मी? ‘सुलभाला पावसात गच्चीवर बसायला आवडायचं.’ तुला, की मला? आणि तू तरी कशी गं! एकदा स्वप्नात येऊन सांगायचंस ना यांना, हे माझं नाही, तिचं आहे म्हणून! फुकट मिळतंय ते गुपचूप ठेवून घेतलंस.

मला तुझं वाईट वाटत नाही असं समजू नकोस. दहा वर्षांची पोर मागे ठेवून जायचं म्हणजे काय, हे पल्लवीला ताप येतो तेव्हा मला कळतं. मला कणव येते आणि त्याच वेळी मी जळतेही. दोन्ही खरं आहे. त्यातलं एक लपवून दुसरं तेवढं तुझ्या फोटोसमोर ठेवणं मला जमत नाही.

मेहकर सोडल्यावर मी म्हटलं, “मले गाडी शिकवा.”

हे म्हणाले, “तुले? सुलभाले तं सायकलचंबी भेव वाटे.”

“म्हनूनच शिकवा!”

तर आता रोज सकाळी शाळेच्या मैदानावर माझी शिकवणी चालते. क्लच सोडला की गाडी बेडकासारखी उडी मारते. परवा कबड्डीच्या आखलेल्या रेषांवरून गेले, पोरं ओरडली. कुंपणापलीकडे बाया उभ्या राहून बघतात. हे बाजूला बसून “ब्रेक, ब्रेक!” करत राहतात आणि मी घामानं निथळते. पण एक सांगू? त्या वेळी कुणी ‘सुलभा अशी चालवायची’ म्हणत नाही. म्हणणार कुठून! इथे माझ्याआधी कुणी बसलंच नव्हतं. चुकते ती मी चुकते आणि जमतं तेही मलाच जमतं. काल दुसऱ्या गिअरवर मैदानाला पूर्ण फेरी मारली, गाडी एकदाही बंद पडली नाही. हे म्हणाले, “वा रेखा!” नाव बरोबर घेतलं!

तू गळ्यात राहशीलच. तुला कुठे काढून ठेवू? आत्याबाईंचं मन मोडणार नाही, आणि खरं सांगायचं तर आता तुझ्यावाचून भांडायला मला दुसरं कुणी नाही. नवी साडी आधी तुला लावत जाईन. नवमीला पुरण वाटत जाईन, आणि काकूंनी ते तुझं म्हटलं तर एखाद्या वर्षी गप्पही बसेन.

पण एक वचन देते, ते नीट ऐक. मला पक्की आली की मी पल्लवीला गाडी शिकवणार आहे. यांनी नाही, मी. तिच्या शेजारी बसेन, तिनं ठोकली तर आत्याबाईंची बोलणी मी खाईन, तिला चिखलीच्या रस्त्यावर एकटी सोडताना जीव माझा वर-खाली होईल. ती अजून मला मावशी म्हणते. आई म्हणजे तू. असू दे. पण पुढे कधी, तिचे केस पांढरे व्हायला लागले असतील तेव्हा, कुणी तिला विचारलं आणि ती चुकून म्हणून गेली, “गाडी मले आईनं शिकवली,” तर त्या वेळी तू मध्ये पडायचं नाहीस. ती मी असेन.

तुझ्यामागून आलेली,
रेखा