आधी सापडेल तो थोरला

४ मार्च
मेलं परत बंद! वीज गेली, आली, आणि दुकानातल्या एकाही कॉम्प्युटरवर नेट नाही. गिऱ्हाइकं माझ्या तोंडाकडे बघतायत. सगळं नेट ज्या जुन्या लिनक्स कॉम्प्युटरच्या पेटीतून जातं ती मात्र कोपऱ्यात मजेत घुंघुं करतेय. नणंद म्हणाली, "वहिनी, नेटच्या तारवाल्याला बोलवू?" आणि हसली. हसायला काय झालं?

५ मार्च
तारवाला आला. टक्कल पडलंय, पण हात काय चपळ! "अहो, पेटीत नेटची दोन कार्डं आहेत. एक बाहेरच्या लाइनीचं, एक दुकानाचं. चालू होताना पेटीला जे आधी सापडेल त्याला ती शून्य नंबर देते, दुसऱ्याला एक. काल नेमकं दुकानाचं आधी सापडलं. झाली उलटापालट!"
म्हटलं, "म्हणजे आधी सापडेल तो थोरला? हा कुठला न्याय?"
एवढा हसला की चष्मा घसरला. मीही हसले. नवरा गेल्यापासून या दुकानात इतक्या मोठ्यानं कोणी हसलं नव्हतं.
लग्न केलंच नाही म्हणे त्याने. नणंदेनं विचारून घेतलं. मी नाही!

८ मार्च
वीज गेली, परत उलटं. मीच दोन्ही वायरी उपटल्या आणि एकीच्या जागी दुसरी खोचली — चालू! नाचायचीच बाकी राहिले. मग डोक्यात आलं, आता त्याला कशाला बोलवायचं?
वायरी होत्या तशा लावल्या. फोन केला. "बंद आहे हो!"

९ मार्च
तो आला. असं करून दिलं की आता कार्ड पेटीतल्या कुठल्या खाचेत बसलंय त्यावरून त्याचं नाव ठरणार. आधी कोण सापडलं हे विचारायचंच नाही. "जाऊ दे वीज शंभरदा," म्हणाला. झालं! माझं तोंड पडलं. चांगल्या कामावर तोंड पाडणारी मी एकटीच असेन.

१५ मार्च
त्याचा पाय नाही इकडे. पेटी उघडून धूळ झटकली. कार्ड काढलं, पुसलं, बसवलं — शेजारच्या खाचेत! सगळं बंद. हे मात्र शप्पथ चुकून.
"वहिनी, बिघाड पेटीत नाही, तुझ्यात आहे."
"तोंड आवर."
ती म्हणाली, "दादाला जाऊन वर्षं झाली गं. मला काय वाटेल म्हणून अडू नकोस."
मलाच सांगते ही! तारवाल्याला फोन लावला.

१६ मार्च
आला. खाच बघून कपाळावर हात मारला, पण चिडला नाही. प्रत्येक कार्डात कारखान्यातच एक नंबर घातलेला असतो, तो जन्मभर तोच. आता त्यावरून नाव. कुठल्याही खाचेत बसवा, बदलणार नाही. "नावं तुम्ही सांगा." म्हटलं, एक 'बाहेर', एक 'घर'. तशीच घातली, इंग्रजी अक्षरांत.
"आता मला बोलवायची वेळच येणार नाही," म्हणाला. हसला नाही. मीही नाही.

२० मार्च
वीज दोनदा गेली. नेट टिच्चून चालू. जळो!

२४ मार्च
काही म्हणजे काही बिघडलेलं नाही. तरी दारात तारवाला — इस्त्रीचा शर्ट, आणि हाताला धरून त्याची म्हातारी आई! नणंदेनं चहा टाकलाय. मी केस विंचरते. लिहिणं पुरे!